नीतीला देवाची साक्ष लागते का?

‘देव नसेल तर माणसाने चांगले का वागावे?’ हा प्रश्न ऐकायला एकच वाटतो, पण त्यात निदान तीन निराळे प्रश्न गुंतलेले आहेत. पहिला ज्ञानाचा: चांगले कोणते आणि वाईट कोणते, हे माणसाला कळते कसे? दुसरा आधाराचा: चांगले ते चांगले कशामुळे ठरते? तिसरा प्रेरणेचा: चांगले कळले तरी ते माणसाने का करावे, विशेषतः कोणी पाहत नसताना आणि स्वतःचा तोटा होत असताना? धर्मश्रद्धेवाचून नीती टिकेल का, या वादातला बराचसा गोंधळ या तिन्हींची सरमिसळ झाल्याने होतो. एक पक्ष प्रेरणेबद्दल बोलत असतो, दुसरा आधाराबद्दल, आणि समोरचा मूळ मुद्दा टाळतो आहे असे दोघांनाही वाटत राहते.

मराठीत या गोंधळात भाषेचीही भर पडते. शेजारधर्म, राजधर्म, धर्मशाळा, धर्मादाय दवाखाना या शब्दांतला ‘धर्म’ म्हणजे कर्तव्य, औदार्य, माणसाने माणसाशी वागण्याची रीत. या अर्थाने घेतले तर ‘धर्माशिवाय नीती’ हे शब्द एकमेकांशेजारी बसूच शकत नाहीत. पण हिंदू, इस्लाम, ख्रिस्ती अशी नावे घेताना तोच शब्द ईश्वर, ग्रंथ, उपासना आणि त्याभोवतीचा समाज यांसाठी वापरला जातो. येथे विचार करायचा आहे तो या दुसऱ्या अर्थाचा: अलौकिक शक्तीवर, तिच्या आज्ञेवर आणि मृत्यूनंतरच्या फळावर विश्वास न ठेवता नीती उभी राहते का?

मराठीतल्या एका नित्याच्या बोलण्यात याचे अर्धे उत्तर दडलेले आहे. ‘जनाची नाही तर मनाची तरी लाज बाळग’ असे म्हणताना दोन राखणदार सांगितले जातात, लोक आणि स्वतःचे मन. तिसरा, म्हणजे देव, त्यात नाही. असे बोलणारी माणसे अश्रद्ध नव्हती; ‘देव बघतोय’ असे त्याच माणसांनी मुलांना सांगितले. तरीही वागणुकीचा हिशेब मागताना त्यांना जन आणि मन पुरेसे वाटले, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

आधाराच्या प्रश्नाची सर्वांत जुनी आणि अजूनही न बोथटलेली मांडणी प्लेटोच्या ‘युथिफ्रो’ या संवादात आहे. इ. स. पूर्व ३९९ मध्ये आपल्यावरच्या खटल्यासाठी न्यायालयाशी आलेल्या सॉक्रेटिसला युथिफ्रो भेटतो. एका मजुराच्या मृत्यूबद्दल तो स्वतःच्या वडिलांवर फिर्याद करायला निघालेला आहे आणि पवित्र काय ते आपल्याला नेमके ठाऊक आहे, असा त्याचा दावा आहे. सॉक्रेटिस त्याला विचारतो: एखादी गोष्ट पवित्र असते म्हणून देवांना आवडते, की देवांना आवडते म्हणून पवित्र ठरते? पहिला पर्याय घेतला तर पावित्र्याचे माप देवांच्या आधीपासून आणि त्यांच्याबाहेर आहे. दुसरा घेतला तर देवांना उद्या क्रौर्य आवडू लागल्यास क्रौर्य पवित्र होईल. ‘देव चांगला आहे, तो क्रौर्य सांगणारच नाही’ असे श्रद्धावान म्हणतो, तेव्हाही ‘चांगला’ या शब्दाचा अर्थ त्याला देवाच्या आज्ञेआधीच कळलेला असतो. देवाचा स्वभावच चांगुलपणाचे मूळ आहे, असे उत्तर पुढच्या ईश्वरवादी तत्त्वज्ञांनी दिले. त्याने पेच थोडा सैल होतो. पण त्या स्वभावातली दया हा गुण आणि कठोरपणा हा दोष, हे ओळखायला पुन्हा माणसाची नजर लागतेच.

अथेन्समधला हा पेच एकोणिसाव्या शतकातल्या पुण्यात अगदी घरगुती रूपात उभा राहिला. विधवांचा पुनर्विवाह व्हावा का, त्यांचे केशवपन करावे का, मुलीच्या लग्नाचे वय किती असावे, हे प्रश्न होते. ईश्वरचंद्र विद्यासागरांनी बंगालमध्ये पराशरस्मृतीचा आधार काढला होता आणि १८५६ मध्ये विधवाविवाहाला कायद्याची मान्यता मिळाली होती. महाराष्ट्रात विष्णुशास्त्री पंडितांनी हाच मार्ग धरला. १८७० मध्ये पुण्यात शंकराचार्यांसमोर दोन्ही पक्षांच्या शास्त्र्यांचा वाद झाला आणि निर्णय सुधारकांच्या विरुद्ध गेला. पराशराचे वचन केवळ वाङ्निश्चय झालेल्या मुलीला लागू आहे, असे विरोधक म्हणत. न्यायमूर्ती रानडे यांनीही पुनर्विवाहासाठी वेदवचने शोधली. संमतिवयाचा, म्हणजे शरीरसंबंधासाठी मुलीचे किमान वय किती असावे याचा, वाद पेटला तेव्हा रामकृष्ण गोपाळ भांडारकर आणि लोकमान्य टिळक एकमेकांसमोर उभे राहिले ते धर्मग्रंथांतली वचने घेऊनच. कलकत्त्यात फुलमणी ही दहा-अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या बळजबरीने मरण पावली होती. सरकारने १८९१ मध्ये संमतिवय दहावरून बारा केले. त्या मुलीच्या मरणाचे वजन किती, हे ठरवायला मोठमोठे विद्वान गर्भाधानविधीच्या वेळेबद्दलची सूत्रे तपासत होते.

त्या गर्दीत गोपाळ गणेश आगरकरांनी निराळा प्रश्न विचारला. शास्त्र अनुकूल निघाले तर ठीक, पण प्रतिकूल निघाले तर काय? तेव्हा त्या मुलीचे दुःख रास्त ठरणार का? रूढीची परीक्षा तिच्या परिणामांनी करावी, ती माणसांना सुख देते की दुःख हे पाहावे, आणि वचन मिळो न मिळो, अन्यायाला अन्याय म्हणावे, ही त्यांची भूमिका होती. रानडे आणि भांडारकर यांचा हेतू तितकाच उदात्त होता, आणि श्रद्धाळू समाजात त्यांची वाट अधिक चालण्याजोगीही होती. पण तर्काच्या दृष्टीने आगरकरांनीच गाठ सोडवली. ग्रंथातून अनुकूल वचन निवडणारा सुधारक आणि प्रतिकूल वचन निवडणारा सनातनी दोघेही निवड करतात. निवडीचे माप ग्रंथात नसते, ते निवडणाऱ्याच्या विवेकात आणि करुणेत असते.

आगरकर या विषयाच्या अभ्यासात महत्त्वाचे ठरतात ते युक्तिवादाइतकेच आयुष्यामुळे. १४ जुलै १८५६ रोजी कऱ्हाडजवळच्या टेंभू गावी एका गरीब घरात त्यांचा जन्म झाला. डेक्कन कॉलेजात एम. ए. होत असतानाच त्यांनी आईला कळवले होते की, मुलगा मोठ्या पगाराची नोकरी करील ही आशा तिने ठेवू नये. पोटापुरते मिळवून बाकीचा वेळ तो लोकांसाठी घालवणार आहे. न्यू इंग्लिश स्कूल, डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि फर्ग्युसन कॉलेज यांच्या उभारणीत ते होते. ‘केसरी’चे ते पहिले संपादक. कोल्हापूर संस्थानाबद्दलच्या लेखनावरून झालेल्या खटल्यात १८८२ मध्ये टिळकांसह त्यांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. सामाजिक प्रश्नांवर मतभेद झाल्यावर ‘केसरी’ सोडून १८८८ मध्ये त्यांनी ‘सुधारक’ काढला. मिल आणि स्पेन्सर या इंग्रज विचारवंतांच्या वाचनातून ते अज्ञेयवादाकडे आले होते. ईश्वर असल्यास तो कळण्याजोगा नाही, तेव्हा त्याच्या नावावर समाजाचे नियम बांधू नयेत, असे ते मानत. पुण्यात त्यांच्या विरोधकांनी ते जिवंत असतानाच त्यांची प्रेतयात्रा काढली. दम्याने शरीर पोखरलेले असताना ते लिहीत आणि शिकवत राहिले. १७ जून १८९५ रोजी, वयाची एकोणचाळीस वर्षे पुरी होण्याआधी, ते गेले तेव्हा फर्ग्युसनचे प्राचार्य होते. परलोकातल्या कुठल्याही बक्षिसाची अपेक्षा नसलेला हा माणूस इहलोकातलीही बक्षिसे नाकारत गेला. ईश्वरावर भरवसा न ठेवणारा मनुष्य स्वार्थीच निघणार, या समजुतीला इतके स्वच्छ उत्तर महाराष्ट्राच्या इतिहासात क्वचितच मिळाले असेल.

एका माणसाच्या आयुष्याने सिद्धान्त सिद्ध होत नाही, आणि आगरकर ज्या समाजात वाढले तो श्रद्धेनेच घडवलेला होता, हा आक्षेप योग्य आहे. म्हणून भारतीय परंपरेकडे जरा मागे जाऊन पाहावे लागते. जुन्या दर्शनांत ‘नास्तिक’ म्हणजे देव न मानणारा नव्हे, वेदाचे प्रामाण्य न मानणारा. त्यामुळे आजच्या अर्थाने निरीश्वरवादी असलेली काही दर्शने आस्तिक गणली गेली. अभिजात सांख्यात ईश्वराला जागा नाही. पूर्वमीमांसा तर कर्मकांडाचे शास्त्र. तरी तिचा थोर आचार्य कुमारिल भट्ट जगाचा कर्ता मानण्याविरुद्ध सविस्तर युक्तिवाद करतो. मीमांसकांना देव लागत नाही, वेद लागतो. जैनांना कर्ता ईश्वरही नको आणि वेदही नको. राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळातल्या जिनसेनाने आदिपुराणात सृष्टिकर्त्याची कल्पना खोडून काढली आहे. अहिंसेबाबत जैनांइतका काटेकोर आचार जगात फार थोड्या समाजांनी पाळला. बौद्धांच्या पंचशीलालाही आज्ञा देणारा ईश्वर नाही.

देव वगळला म्हणजे श्रद्धाही वगळली असे मात्र होत नाही. जैन आणि पारंपरिक बौद्ध विचारात कर्म आणि पुनर्जन्म आहेत. केलेल्याचे फळ मिळतेच, हा विश्वास तेथे राखणदाराचे काम करतो. देव, कर्मफळ आणि परलोक या तिघांनाही निरोप दिला तो चार्वाकांनी. त्यांचे ग्रंथ उरलेले नाहीत. त्यांची मते कळतात ती मुख्यतः विरोधकांच्या लेखनातून, चौदाव्या शतकातल्या माधवाचार्यांच्या ‘सर्वदर्शनसंग्रहा’सारख्या ग्रंथांतून. ऋण काढून चैन करणारा अशी त्यांची जी ओळख रूढ झाली, ती प्रतिपक्षाने रंगवलेली आहे. आ. ह. साळुंखे यांनी ‘आस्तिकशिरोमणी चार्वाक’ या पुस्तकात या चित्राची उलटतपासणी केली. महाभारताच्या शांतिपर्वात चार्वाक नावाचे एक पात्र येते. युद्ध जिंकून युधिष्ठिर हस्तिनापुरात प्रवेश करतो, ब्राह्मण त्याचा जयजयकार करतात, आणि चार्वाक पुढे होऊन म्हणतो की, ज्ञातिबांधवांना मारणाऱ्या तुझा धिक्कार असो. कथा त्याला दुर्योधनाचा मित्र असलेला राक्षस ठरवते आणि ब्राह्मण त्याला हुंकाराने जाळून टाकतात. पण त्याने उच्चारलेले वाक्य सबंध प्रसंगातले सर्वांत नैतिक वाक्य आहे, आणि युधिष्ठिराच्या स्वतःच्या मनातही तीच टोचणी आहे.

युरोपात हा वाद शपथेभोवती फिरला. जॉन लॉक या इंग्रज तत्त्वज्ञाने १६८९ च्या धार्मिक सहिष्णुतेवरील पत्रात बहुतेक पंथांना मोकळीक मागितली, पण देव न मानणाऱ्यांना त्यातून वगळले. त्याचे कारण व्यवहारी होते. वचन, करार आणि शपथ यांवर समाज चालतो, आणि ज्याला देवाचे भय नाही त्याला शपथ बांधू शकत नाही. त्याच्या सात वर्षे आधी पिएर बेल या फ्रेंच विचारवंताने धूमकेतूचे निमित्त करून उलट बाजू मांडली होती. माणसे वागतात ती आपल्या तत्त्वांनुसार नव्हे, तर सवय, स्वभाव, मानापमान आणि कायद्याचा धाक यांनुसार. नरकावर विश्वास असलेले लोकही रोज पाप करतात. मग केवळ नास्तिकांचा समाज असला तरी तो इतर समाजांसारखाच चालेल. बेलचा हा मुद्दा साधा आहे आणि अजून कोणाला तो मोडता आलेला नाही.

प्रत्यक्ष कसोटी लागली इंग्लंडच्या पार्लमेंटात. चार्ल्स ब्रॅडलॉ हा उघड नास्तिक १८८० मध्ये नॉर्थॅम्प्टनमधून निवडून आला. ईश्वराच्या नावाऐवजी गांभीर्याने प्रतिज्ञा करण्याची परवानगी त्याने मागितली. ती नाकारली गेली. नेहमीची शपथ घेण्याची तयारी त्याने दाखवली, तीही नाकारली गेली. मतदारांनी त्याला पुन्हा पुन्हा निवडून दिले, तरी त्याला रीतसर बसायला मिळाले ते १८८६ मध्ये. यातला विरोधाभास त्या काळातल्याही अनेकांना दिसला होता. ब्रॅडलॉ खोटी श्रद्धा दाखवून पहिल्याच दिवशी आत जाऊ शकला असता. सहा वर्षे तो बाहेर राहिला तो प्रामाणिकपणामुळे. १८८८ मध्ये त्याच्याच प्रयत्नाने शपथेऐवजी प्रतिज्ञा करण्याचा कायदेशीर हक्क सर्वांना मिळाला. पुढच्याच वर्षी मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनाला तो हजर होता, आणि १८९१ मध्ये त्याच्या अंत्यविधीला गेलेल्या हिंदी विद्यार्थ्यांत मोहनदास गांधी होते. भारताच्या राज्यघटनेने हा वाद एका ओळीत मिटवला. पद स्वीकारणाऱ्याने ईश्वरसाक्ष शपथ घ्यावी किंवा गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करावी. दोन्हींची किंमत सारखी.

त्याच गांधींच्या सेवाग्राम आश्रमात या प्रश्नाला आणखी एक वळण मिळाले. आंध्रातले गोपराजू रामचंद्र राव, म्हणजेच गोरा, कडवे निरीश्वरवादी आणि तितकेच कडवे अस्पृश्यतानिवारक होते. नास्तिकतेपायी त्यांना महाविद्यालयातली नोकरी गमवावी लागली होती. देव आणि दैव यांच्यावर भार टाकल्याने माणूस आपली जबाबदारी विसरतो, आणि म्हणूनच अस्पृश्यता टिकते, असे त्यांचे म्हणणे होते. गांधींशी त्यांच्या दीर्घ चर्चा झाल्या. ‘देव हेच सत्य’ या आपल्या जुन्या सूत्राऐवजी गांधी ‘सत्य हाच देव’ असे म्हणू लागले होते, कारण देव नाकारणाराही सत्य नाकारत नाही. गोरांच्या मुलीचे लग्न अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातल्या तरुणाशी ठरले, तेव्हा ते आश्रमात लावण्याची आणि विधीतले देवाचे नाव बदलून तेथे सत्याचे नाव घेण्याची गांधींनी तयारी दाखवली. त्यांच्या हत्येनंतर मार्च १९४८ मध्ये ते लग्न सेवाग्रामला झाले. दोघांच्या विश्वासांत जमीनअस्मानाचे अंतर होते आणि कृतीत काहीच नव्हते.

जोतीराव फुले या दोन टोकांच्या मधले. त्यांनी निर्मिक, म्हणजे सृष्टीचा कर्ता, मानला, पण मध्यस्थ मानला नाही आणि ईश्वरप्रणीत ग्रंथही मानला नाही. ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका’त स्त्रीपुरुषांच्या समान हक्कांचे विवेचन आहे, आणि निर्मिकाचे नाव तेथे येते ते सगळ्यांना एका पातळीवर आणण्यासाठी. श्रद्धा अशीही असू शकते.

प्रेरणेच्या प्रश्नावर धर्माची बाजू सर्वांत भक्कम आहे. माळकरी माणूस दारूला आणि मांसाला शिवत नाही. गळ्यात तुळशीची माळ घातल्यावर गावोगावच्या कितीतरी संसारांची घडी बसली. त्यामागे विठ्ठल आहेच, पण माळ सगळ्यांच्या देखत घातली जाते, हेही आहे. दिंडी आहे, एकादशी आहे, माळ तुटली तर विचारणारे लोक आहेत. १९८६ मध्ये अनिल आणि सुनंदा अवचट यांनी पुण्यात सुरू केलेल्या मुक्तांगणसारख्या व्यसनमुक्ती केंद्रात दारू सोडायला आलेला माणूसही आपल्यासारख्याच इतरांसमोर बसून बोलतो, आणि व्यसनातून बाहेर पडलेला दुसरा माणूस त्याला हात देतो. दोन्हीकडे संकल्प एकट्याने पेलायचा नसतो. धर्माने हे सामुदायिक बळ हजारो वर्षे सांभाळले, आणि इहवादी चळवळींना ते उभे करणे जड जाते. ही इहवादाची खरी उणीव आहे. तिकडे डोळेझाक करून चालत नाही.

लोकांची समजूत तर धर्माच्याच बाजूने झुकलेली आहे. प्यू संशोधन केंद्राने ३४ देशांत केलेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, नीतिमान असायला देवावर विश्वास आवश्यक आहे असे म्हणणाऱ्यांचे प्रमाण स्वीडनमध्ये ९ टक्के, भारतात ७९ टक्के आणि इंडोनेशिया व फिलिपाइन्समध्ये ९६ टक्के आढळले. २०१७ मध्ये तेरा देशांत झालेल्या एका अभ्यासात असेही दिसले की, एखाद्या निर्घृण कृत्याचे वर्णन ऐकले की ते करणारा नास्तिक असावा असे लोकांना सहज वाटते. हा कल स्वतः नास्तिकांतही आढळला.

समजूत एक आणि वागणूक दुसरी. प्रिन्स्टनमधला, १९७३ साली प्रसिद्ध झालेला जॉन डार्ली आणि डॅनियल बॅटसन यांचा प्रयोग धर्मगुरू होण्याचे शिक्षण घेणाऱ्या चाळीस विद्यार्थ्यांवर झाला. त्यांना जवळच्या इमारतीत जाऊन भाषण करायचे होते. काहींचा विषय होता बायबलमधली भल्या शोमरोन्याची, म्हणजे वाटेत पडलेल्या जखमी माणसाला मदत करणाऱ्या परक्याची, गोष्ट. वाटेत एक माणूस कण्हत पडलेला होता; तो प्रयोगकर्त्यांचाच होता. घाई नसलेल्यांपैकी ६३ टक्के थांबले, खूप घाई असलेल्यांपैकी १० टक्के. भाषणाचा विषय कोणता, याने लक्षणीय फरक पडला नाही. हातात वेळ किती, याने पडला. देवाशी संबंधित शब्द वाचायला दिल्यावर माणसे अनोळखी व्यक्तीला जास्त पैसे देतात, असा निष्कर्ष २००७ मध्ये निघाला होता. त्याच प्रयोगात न्यायालय आणि पोलीस यांच्याशी संबंधित शब्दांनीही जवळपास तेवढाच परिणाम केला. पुढे हा प्रयोग पुन्हा करून पाहिला तेव्हा देवाच्या शब्दांचा परिणाम दिसला नाही.

देशांची तुलना करताना दोन्ही बाजू घाईने उदाहरणे फेकतात. डेन्मार्क आणि स्वीडनमध्ये श्रद्धेचे प्रमाण कमी आहे आणि भ्रष्टाचारही अत्यल्प आहे. पण तेथे समृद्धी आहे, कल्याणकारी राज्य आहे आणि शतकानुशतकांचा ल्यूथरपंथी संस्कारही आहे. दुसरीकडे स्टालिनचा रशिया आणि १९७५ ते १९७९ मधला पोल पॉटचा कंबोडिया दाखवले जातात. देव हटवल्याने माणूस आपोआप दयाळू होत नाही, हे त्या राजवटींनी रक्ताने सिद्ध केले. त्यांनी पक्षाला आणि इतिहासाच्या अटळ गतीला देवाच्या जागी बसवले आणि शंका घेणे हाच गुन्हा ठरवला. चर्चच्या पाखंडविरोधी न्यायालयांत, म्हणजे इन्क्विझिशनमध्येही, शंका हाच गुन्हा होता.

नीतीचा उगम धर्माच्या आधीचा आहे, असे म्हणायला आता बरीच जागा आहे. डार्विनने १८७१ मध्ये लिहिले की, कळपात राहणाऱ्या प्राण्याची बुद्धी पुरेशी वाढली तर त्याच्यात सदसद्‌विवेक निर्माण होणे जवळपास अटळ आहे. सारा ब्रॉस्नन आणि फ्रान्स डी वाल यांनी २००३ मध्ये कॅपुचिन माकडांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. सारख्याच कामासाठी शेजारणीला द्राक्ष आणि आपल्याला काकडी मिळते असे दिसले की माकडीण काकडी घेईना, कधी ती बाहेर फेकून देई. चिंपांझी भांडणात हरलेल्याला मिठी मारून शांत करतात. तान्ह्या मुलांबाबत मात्र पुरावा डळमळीत निघाला. सहा महिन्यांचे मूल मदत करणाऱ्या पात्राला पसंती देते, असे २००७ मध्ये जाहीर झाले होते. अनेक प्रयोगशाळांनी मिळून केलेल्या अलीकडच्या मोठ्या प्रयोगात तशी पसंती आढळली नाही. शिवाय माकडाचा राग आणि माणसाचा न्याय एक नव्हे. स्वतःला कमी मिळाल्याचा राग सगळ्यांनाच येतो. दुसऱ्याला कमी मिळाल्याबद्दल स्वतःची द्राक्षे परत करणे ही पुढची पायरी, आणि तेथवर जायला भाषा, विचार आणि शिक्षण लागते.

ती पायरी कशावर उभी करायची, याची उत्तरे तत्त्वज्ञांनी निरनिराळी दिली. ह्यूमने सहानुभूतीवर, मिलने जास्तीत जास्त सुखावर, कांटने बुद्धीवर. ज्या नियमाने सगळ्यांनी वागावे असे आपण म्हणू शकतो त्याच नियमाने वागावे, आणि कोणाही माणसाला निव्वळ साधन म्हणून वापरू नये, असे कांट म्हणतो. कर्तव्य कळायला वा बंधनकारक व्हायला ईश्वराची आज्ञा लागत नाही, हे त्याने स्पष्ट केले. पण सज्जनाला या जगात सुख मिळतेच असे नाही, ही विसंगती त्याला सहन होईना. म्हणून १७८८ च्या ग्रंथात त्याने ईश्वर आणि आत्म्याचे अमरत्व ही गृहीतके पुन्हा आत घेतली. देव न मानणाऱ्याला हे समाधान उपलब्ध नाही. फुलमणीसारख्या मुलीला मेल्यानंतर कुठे न्याय मिळेल, असे तो म्हणू शकत नाही. जो काही न्याय व्हायचा तो येथेच, माणसांनीच करायचा आहे. हे ओझे मोठे आहे.

आंबेडकरांचा विचार येथे सर्वांत दूर जातो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी त्यांनी नागपूरला बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि त्यांच्या निधनानंतर १९५७ मध्ये ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ हा ग्रंथ इंग्रजीत प्रसिद्ध झाला. रूढ धर्मांत ईश्वर मध्यभागी असतो आणि नीती त्याच्या कडेला जोडलेली असते. धम्मात ईश्वराची जागाच नीतीने घेतलेली आहे, असे ते मांडतात. माणसाने माणसावर प्रेम करण्याची जी निकड आहे तिच्यातून ही नीती येते, तिला देवाची मंजुरी लागत नाही. पण आंबेडकर तेथे थांबत नाहीत. नुसती नीती पुरत नाही, असे ते लगेच बजावतात. चोरांतही नीती असते, व्यापाऱ्यांत असते, एका जातीच्या लोकांत आपसांत असते. ती आपल्या गटापुरती असते आणि गटाबाहेरच्या माणसाला लुटायला किंवा दूर ठेवायला तिची हरकत नसते. जातिव्यवस्था अनीतीने टिकली असे म्हणण्यापेक्षा अशा बंदिस्त नीतीने टिकली, हे त्यांना ठाऊक होते. म्हणून नीती सर्वांना एकच हवी, आणि ती कोणी सोयीने मोडू नये इतकी पवित्रही हवी. हे पावित्र्य ते परलोकातून आणत नाहीत. दुबळ्यांचे रक्षण व्हावे आणि माणसांत बंधुता राहावी या गरजेतून आणतात.

त्या दीक्षेनंतर महाराष्ट्रातल्या वस्त्यावस्त्यांतल्या विहारांत पंचशील म्हटले जाऊ लागले. लग्नात, बारशात, अंत्ययात्रेत आजही ते म्हटले जाते. त्याची पाच वाक्ये व्याकरणाच्या दृष्टीने आज्ञार्थी नाहीत. हिंसा, चोरी, व्यभिचार, असत्य आणि नशा यांपासून दूर राहण्याचा नियम मी स्वतः स्वीकारतो, असे म्हणणारी व्यक्ती स्वतःच्या तोंडाने, शेजारी बसलेल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणते.